फेलटूबॅनला लॉगमधले हल्ले दिसतात, पण एकही आयपी ब्लॉक होत नाही

बेदाणा

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. कॉम्प्युटरमधलं थोडं कळतं, म्हणून सर्व्हरही माझ्याच गळ्यात आहे. भाड्याचा व्हीपीएस (इंटरनेटवरचा आभासी सर्व्हर), त्यावर उबुंटू १८.०४ (जुनं झालंय, माहीत आहे, मार्चएन्ड होऊ द्या), त्यात डॉकर (प्रोग्राम कंटेनर नावाच्या बंद डब्यांत चालवणारा), डॉकरमध्ये एनजिनएक्स (वेब सर्व्हर) आणि त्याच्यामागे पिग्मी एजंटांचं पोर्टल. एजंट दिवसभर दुकानं फिरतात आणि जमा झालेली रक्कम संध्याकाळी मोबाइलवरून भरतात. पोर्टलच्या तोंडाशी एनजिनएक्सचाच साधा यूझरनेम-पासवर्ड आहे. बाहेरून पोर्ट ८४४३, कंटेनरच्या आत ४४३.

होस्टवर (मूळ सर्व्हरवर, कंटेनरबाहेर) फेलटूबॅन ०.१० आहे, म्हणजे लॉग वाचून वारंवार पासवर्ड चुकवणारा आयपी पत्ता ब्लॉक करणारा प्रोग्राम. प्रत्येक सेवेसाठी त्यात जो नियमसंच असतो, त्याला जेल म्हणतात. एसएसएचची (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) जेल झकास चालते, रोज नवनवे पाहुणे आत. एनजिनएक्स-एचटीटीपी-ऑथची जेल मात्र ढिम्म. स्टेटस विचारलं की फेल्ड शून्य, बॅन्ड शून्य. लॉगचा फोल्डर होस्टवर माउंट केलाय, जेलमध्ये पाथ बरोबर दिलाय आणि फाइलमध्ये ओळी धो धो पडताहेत. ही आत्ताची, पावणेसातला लिहायला बसले तेव्हाची:

१३:१२:०७ [एरर] २९#२९: *४१८२ यूझर "अ‍ॅडमिन": पासवर्ड मिसमॅच, क्लायंट: २०३.०.११३.४५

(तारीख आणि पुढची शेपटी कापली, आयपी बदललाय.)

फेलटूबॅन-रेजेक्सला (फिल्टर, म्हणजे लॉगमधली ओळ ओळखणारा रेजेक्स नावाचा साचा, तपासायचं हत्यार) हीच फाइल दिली की शेकड्यांनी मॅच दाखवतं. म्हणजे फिल्टर ठीक असणार. मॅक्सरिट्राय ५, फाइंडटाइम १० मिनिटं, मुळात होतं तेच ठेवलंय. मग घोडं अडलंय कुठे?

आणि एक धास्ती. आमचे एजंट पासवर्ड चुकवण्यात पटाईत, आणि सगळे मोबाइल डेटावर. जेल चालू झाली आणि एकाच्या पायी दहा जण बाहेर राहिले, तर दुसऱ्या दिवशी संचालकांच्या केबिनमध्ये मी उभी.

कुलूपकिल्ली

एसएसएचला पासवर्डने लॉगिन बंद करा, फक्त की (किल्लीची फाइल) ठेवा, निम्मा ताप गेला. ओपनएसएसएच ९.८ (२०२४) पासून पर-सोर्स-पेनल्टीज नावाची सोय सर्व्हरच्या आतच आली आहे. वारंवार चुकणाऱ्या पत्त्याला तो स्वतःच थोडा वेळ दारात उभं करतो. एसएसएचपुरतं तरी फेलटूबॅन लागेलच असं नाही. १८.०४ वर ते मिळणार नाही हे ओघानं आलंच.

रात्रपाळी

किल्लीसाहेब, ताईंचं एसएसएच चालतंय हो. दुखतंय पोर्टल.

ताई, उत्तर तुम्हीच चिकटवलेल्या ओळीत आहे. पावणेसातला लिहायला बसलात म्हणता, आणि ओळीवर वेळ १३:१२. होस्टवर डेट कमांड दिलीत तर तेव्हा १८:४२ आलं असतं. फरक बरोबर साडेपाच तासांचा. तुमचा होस्ट भारतीय वेळेवर आहे, कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळ).

आता फेलटूबॅनच्या जागी उभ्या राहा. त्याचा नियम असा की गेल्या १० मिनिटांत ५ वेळा चुकला तर बाहेर. एनजिनएक्सच्या एरर लॉगमध्ये वेळेपुढे टाइमझोन लिहिलेला नसतो (अ‍ॅक्सेस लॉगमध्ये असतो, +०००० की +०५३० ते कळतं). झोन नाही म्हटल्यावर फेलटूबॅन ती वेळ होस्टचीच समजतं. म्हणजे आत्ता झालेला हल्ला त्याच्या लेखी दुपारी सव्वाएकचा. शिळी ओळ, फाइंडटाइमच्या बाहेर, सोडून दे. ०.१० हे गुपचूप करतं. १.० निदान टाइमझोनची भानगड दिसतेय असं स्वतःच्या लॉगमध्ये बोंबलतं तरी.

रेजेक्सच्या टेस्टला मॅच का दिसतात? कारण ते हत्यार फक्त ओळ फिल्टरमध्ये बसते का एवढंच बघतं. ओळ किती जुनी आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पुष्कळ जण इथेच फसतात. मॅच आली म्हणून फिल्टरला क्लीन चिट देतात आणि मग दोन दिवस फायरवॉल उकरत बसतात.

जेल.लोकलमध्ये (तुमच्या स्वतःच्या सेटिंगची फाइल) त्या जेलखाली लॉगटाइमझोन = यूटीसी अशी ओळ घाला आणि रीलोड करा. कंटेनरला टीझेड (टाइमझोन) व्हेरिएबलने एशिया/कोलकाता देऊनही काम होतं, पण इमेजमध्ये (कंटेनर ज्यावरून बनतो तो साचा) टीझेडडेटा (टाइमझोनचं पॅकेज) असायला हवा, आणि उद्या कुणी इमेज बदलली की पुन्हा तेच. मी पहिलाच मार्ग धरीन. जेल.कॉन्फला हात लावू नका, पॅकेज अपडेट झालं की ती फाइल बदलू शकते.

जाता जाता एक, कारण पुढेमागे स्वतःचा फिल्टर लिहायची खुमखुमी येणारच. लॉगमधल्या ओळीत यूझरनेम असतं, आणि ते हल्लेखोराने टाइप केलेलं असतं. तिथे तो 'अमुक आयपीवरून' असा मजकूरही टाइप करू शकतो. रेजेक्स ढिला असेल तर फेलटूबॅन त्या निरपराध आयपीला आत टाकतं. फेलटूबॅन आणि डिनायहोस्ट्स (तसलाच दुसरा प्रोग्राम) दोघांनाही पूर्वी असं गंडवलेलं आहे. म्हणून रेजेक्स ओळीच्या सुरुवातीला आणि शेवटाला घट्ट बांधायचा.

बेदाणा

रात्रपाळी, काय नजर आहे हो! ती ओळ घातली आणि पाचच मिनिटांत चार आयपी बॅन्ड. आनंदाने चहा मागवला.

चहा येईपर्यंत आनंद संपला. बॅन झालेल्या त्याच आयपीवरून एनजिनएक्सच्या लॉगमध्ये नव्या ओळी येतच आहेत. आणि फेलटूबॅनच्या लॉगमध्ये त्या आयपीपुढे 'ऑलरेडी बॅन्ड' अशी रांग लागलीये. बॅन आहे तर आत येतोय कसा?

रात्रपाळी

'ऑलरेडी बॅन्ड' वारंवार दिसलं की समजायचं, कागदावर हद्दपार, प्रत्यक्षात गावातच. आयपीटेबल्स -एल -एन -व्ही (लिनक्सच्या फायरवॉलचे नियम दाखवणारी कमांड) द्या आणि एफटूबी-एनजिनएक्स-एचटीटीपी-ऑथ ही चेन (नियमांची यादी) शोधा. तुमचे चारही आयपी तिथे असतील, आणि पॅकेट्सच्या रकान्यात सगळीकडे शून्य.

कारण डॉकर. फेलटूबॅन आपला नियम इनपुट चेनमध्ये टाकतं. इनपुट म्हणजे खुद्द होस्टसाठी आलेली पॅकेटं. एसएसएच होस्टवरच चालतं, म्हणून ती जेल चालली. पण ८४४३ वर आलेल्या पॅकेटचा पत्ता डॉकर प्रीराउटिंगमध्येच (पॅकेट आल्याआल्याचा टप्पा) बदलून कंटेनरचा करतो. मग ते पॅकेट फॉरवर्ड चेनमधून जातं. इनपुटच्या वाटेला फिरकतच नाही.

अशा नियमांसाठी डॉकरने १७.०६ पासून डॉकर-यूझर नावाची चेन दिली आहे. जेलमध्ये चेन = डॉकर-यूझर (सगळी मोठ्या लिपीतली अक्षरं) असं लिहा.

थांबा, अजून संपलं नाही. तुमच्या जेलमध्ये पोर्ट ८४४३ असणार. डॉकर-यूझरपर्यंत पॅकेट पोचतं तेव्हा पत्त्यासोबत पोर्टही बदललेलं असतं, ८४४३ चं ४४३ झालेलं असतं. ८४४३ ठेवलंत तर पुन्हा शून्यच मोजत बसाल. पोर्ट ४४३ लिहा, किंवा बॅनअ‍ॅक्शन आयपीटेबल्स-ऑलपोर्ट्स (सगळे पोर्ट अडवणारी) करा. तुमच्यासाठी ऑलपोर्ट्स बरं, त्या आयपीला दुसऱ्या कुठल्या कंटेनरशीही काम नाही.

सर्व्हर रीबूट झाल्यावर डॉकर आधी आणि फेलटूबॅन नंतर उठेल एवढं सिस्टमडीमध्ये (लिनक्सवर सेवा सुरू करणारी यंत्रणा) बघा. ती चेन डॉकर तयार करतो. ती नसताना फेलटूबॅन उठलं तर नियम कुठे लावणार?

चहाविनासाखर

एजंटांचं कुणी बोललंच नाही. ताईंची धास्ती रास्त आहे. मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही४ चा एक सार्वजनिक पत्ता एकाच वेळी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला असतो, सीजीनॅट म्हणतात ते. एकाच कंपनीचं सिम असलेले तुमचे तीन एजंट एकाच आयपीमागे असू शकतात, आणि त्याच आयपीमागे एखादा अनोळखी उपद्व्यापीही. तो बॅन झाला की तुमचे तिघंही गेले.

यावर फेलटूबॅनमध्ये पुरतं औषध नाही. शाखांना स्टॅटिक (न बदलणारा) आयपी असेल तर तेवढे इग्नोरआयपीत (कधीच बॅन न करायच्या पत्त्यांची यादी) घाला. या जेलचा बॅनटाइम १० मिनिटांच्या वर नेऊ नका, मॅक्सरिट्राय १० करा. हजारो पासवर्ड झोडणाऱ्या बॉटला १० सुद्धा क्षणात पुरतात, आणि बोटं जाड असलेल्या एजंटला तेवढी सवलत मिळते. सुटून पुन्हा पुन्हा येणाऱ्यांसाठी वाढत जाणारी शिक्षा ०.११ पासून आहे, सर्व्हर बदलाल तेव्हा बघा, पण या जेलला लावू नका.

खरं तर पैशांचं पोर्टल उघड्या इंटरनेटवर हवंच कशाला? एजंटांच्या फोनमध्ये वायरगार्ड (व्हीपीएन, म्हणजे सर्व्हरपर्यंतचा खासगी बोगदा) टाका आणि ८४४३ बाहेरून बंद करा. एकदाच बसून क्यूआर स्कॅन करायचा.

आणि तो लॉग तुम्ही किती दिवस ठेवता? सर्ट-इनच्या (सायबर सुरक्षेसाठीची केंद्र सरकारची संस्था) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार १८० दिवसांचे लॉग ठेवायला हवेत, आणि यादीत असलेली घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची आहे. उबुंटूवर थेट बसवलेल्या एनजिनएक्सचा लॉगरोटेट (ठराविक काळाने लॉगची फाइल बदलणारी सोय) १४ दिवसांत जुनं पुसतो. तुमच्या माउंट केलेल्या फोल्डरला तर बहुधा रोटेशनच नसेल, डिस्क भरेपर्यंत पत्ता लागणार नाही.

कुलूपकिल्ली

वायरगार्डला माझंही मत. मी हेच आधी म्हणायला हवं होतं, पण एसएसएच दिसलं की हात शिवशिवतात.

बेदाणा

चेन बदलली, ऑलपोर्ट्स केलं. आता त्या चेनमध्ये ड्रॉपचे आकडे डोळ्यांदेखत वाढताहेत आणि एनजिनएक्सचा लॉग शांत आहे. इग्नोरआयपीत दोन शाखा घातल्या, बाकीच्या शाखा मोबाइलच्या डोंगलवर चालतात, त्यांचं काही करता येत नाही. वायरगार्डचं सोमवारच्या मीटिंगमध्ये मांडते. एक एजंट पासष्टीचे आहेत, क्यूआर म्हणजे पैसे द्यायचे असंच त्यांना वाटणार.

फोल्डरला रोटेशन नव्हतंच. फाइल बघून दचकले.

तोवर एखाद्या एजंटचा रात्री आठला फोन आला, तर त्याला बॅनमधून सोडवायचं कसं? आणि त्याचा आयपी मला कळणार कसा?

रात्रपाळी

त्याला फोनवर 'माझा आयपी' असं शोधायला सांगा, पण पोर्टल वापरतो त्याच सिमवरून, घरच्या वायफायवरून नको. मग फेलटूबॅन-क्लायंट सेट, पुढे जेलचं नाव, पुढे अनबॅनआयपी, पुढे तो पत्ता. लगेच सुटतो. पत्ता लांबलचक आणि कोलनवाला निघाला तर तो आयपीव्ही६ आहे. तुमच्या व्हीपीएसला आयपीव्ही६ नसेल तर त्याचा उपयोग नाही, त्याला आयपीव्ही४ दाखवणारी साइट उघडायला सांगा.