सहायक सरकारी अभियोक्ता परीक्षा: प्रॅक्टिसचा दाखला आणि पेपरबद्दल मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एमपीएससीच्या सहायक सरकारी अभियोक्ता, गट-अ पदासाठी तयारी चालू आहे. सत्र न्यायालयातल्या सरकारी वकिलाबद्दल विचारत नाहीये. ती नेमणूक बीएनएसएस (सीआरपीसीच्या जागी आलेली भारतीय नागरिक सुरक्षा संहिता) कलम १८ खाली होते आणि तिथे किमान ७ वर्षं प्रॅक्टिस लागते. आपलं कलम १९, म्हणजे मॅजिस्ट्रेट कोर्ट.

कायद्याची पदवी आणि ५ वर्षं वकिली, इथपर्यंत स्पष्ट आहे. खरी अडचण दाखल्याची. सुरुवातीची २ वर्षं निफाडला आणि पुढची नाशिक जिल्हा न्यायालयात, अशी प्रॅक्टिस असेल तर दाखले दोन लागतात की जिल्हा न्यायालयाचा एकच चालतो? वर्षं सनदेच्या (बार कौन्सिलच्या नोंदणीच्या) तारखेपासून धरतात की एआयबीई, म्हणजे बार कौन्सिलची वकिलांसाठीची परीक्षा, पास झाल्यापासून? सोबत वकालतनाम्यांच्या किंवा रोजनाम्याच्या (कोर्टातल्या रोजच्या कामकाजाच्या नोंदीच्या) नकला कोणी मागितल्या का?

दुसरं, पेपर. १ जुलै २०२४ पासून नवे कायदे आले, पण त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला आयपीसीच (जुनी भारतीय दंड संहिता) लागते. एफआयआर नंतर नोंदवला तरी. त्यामुळे जुनी-नवी दोन्ही कलमं पाठ करावीच लागणार: आयपीसी ३०२ (खून) चं नव्या भारतीय न्याय संहितेत १०३, ४२० (फसवणूक) चं ३१८(४), पुराव्याच्या कायद्यात ६५-बी (इलेक्ट्रॉनिक पुरावा) चं ६३. सगळ्यात घोळ पुराव्याच्याच जुन्या कलम २७ चा (आरोपीने दिलेल्या माहितीवरून काही सापडलं तर), कारण ते आता कलम २३ च्या परंतुकात (प्रोव्हायझोत) जाऊन बसलंय. जुने प्रश्नसंच यामुळे निम्मे फसवे ठरतात.

नव्या कलमांवरचा चांगला मराठी प्रश्नसंच आणि मुलाखतीत विचारलेले प्रश्न कोणाकडे असतील तर कृपया टाका. नाशिकला जुन्या सीबीएस बसस्थानकाजवळ येऊन झेरॉक्स नेता येईल.