टू बीएचकेमध्ये ईआरव्ही बसवावं का? कोटेशन १ लाख ८५ हजारांचं आहे

कासारवडवली_१४वा_मजला:
नमस्कार. पुढच्या महिन्यात घरात फॉल्स सीलिंगचं काम निघतंय. ईआरव्ही म्हणजे बाहेरची ताजी हवा आत घेणारं आणि आतली बाहेर टाकणारं यंत्र. त्याचे डक्ट, म्हणजे हवेच्या नळ्या, टाकायचे तर आत्ताच ठरवायला हवं, म्हणून विचारते.

घर घोडबंदर रोडला लागून आहे. रात्रभर कंटेनरची ये-जा, शेजारी नवीन टॉवरचं बांधकाम. सकाळी खिडकीच्या कट्ट्यावर ओलं फडकं फिरवलं की काळंकुट्ट होतं. मुलगा सहा वर्षांचा, त्याला बालदमा. म्हणून खिडक्या घट्ट बंद करून, एसी लावून आम्ही तिघं एकाच खोलीत झोपतो. दिवाळीत भावाने कार्बन डायऑक्साइड मोजायचा मीटर आणून दिला. रात्री ११ ला ६८० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ६८० भाग), पहाटे ५ ला २,६५०! तो आकडा पाहिल्यापासून जीवाला घोर लागलाय.

नणंद जर्मनीत डार्मश्टाटला असते. पहिलं पॅसिव्ह हाउस, म्हणजे अगदी कमी ऊर्जेत ऊबदार राहणारं हवाबंद घर, १९९१ मध्ये तिथेच उभं राहिलं. तिच्या घरातही तसं यंत्र आहे, बाहेर जाणारी हवा आत येणाऱ्या हवेला आपली ऊब देऊन जाते. ती म्हणते, डोळे मिटून बसवा. इंटिरियरवाला म्हणतो, एसीचं बिल ४० टक्क्यांनी उतरेल. मिस्टरांना हे पटत नाही. खरंच पैसे वसूल होतात का?

डक्टिंग_कळवा:
ताई, २२ वर्षं एसी-डक्टिंगच्या कामात आहे. तुमचा मीटर बरोबर सांगतोय. स्प्लिट एसी बाहेरची हवा घेतच नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. बऱ्याच जणांना हे माहीत नसतं.

ते ४० टक्के मात्र मनातून काढून टाका. असं सांगून माल खपवतात त्याचा मला राग येतो. आज तुम्ही बाहेरची हवा आत घेत नाही. कुठल्याही मार्गाने ती घ्यायला लागलात की एसीवरचा भार वाढणारच. ईआरव्ही ती वाढ थोडी कमी करतं. बिल आजच्यापेक्षा खाली येणार नाही.

गणित मांडून दाखवतो. नणंदबाईंकडे कडक हिवाळ्यात बाहेर उणे ५, आत २०. पंचवीस अंशांचा फरक, म्हणजे परत मिळवण्यासारखी भरपूर ऊब. आपल्याकडे जुलैतल्या रात्री बाहेर २८, आत २६. दोन अंशांत काय वाचवणार? आपल्याकडे पैसे खातो तो दमटपणा. त्या रात्री बाहेरच्या किलोभर हवेत २१ ग्रॅमच्या आसपास वाफ असते, एसीच्या खोलीत ११-१२ ग्रॅम. तिघांसाठी ताशी ६० घनमीटर ताजी हवा घेतली, तर आठ तासांत पाच लिटरच्या वर पाणी हवेबरोबर आत येतं. ते एसीला पिळून काढावं लागतं. त्याला रात्रीची सव्वा युनिटच्या आसपास वीज जाते. चांगलं ईआरव्ही त्यातली निम्म्याहून अधिक वाचवेल, पण त्याचे पंखेही वीज खातात. हातात उरतं अर्धं युनिट. १२ रुपयांचं युनिट धरा आणि वर्षाला २४० रात्री एसी धरा, तरी दीड हजारही होत नाहीत. १ लाख ८५ हजार कधी फिटायचे?

पण मूल दम्याचं आहे, तिथे मी बिलाकडे पाहणार नाही. गाळलेली ताजी हवा त्याला मिळालीच पाहिजे. फक्त ती झोपायच्या खोलीत हवी, अख्ख्या घरात डक्ट नकोत. एका खोलीचं छोटं ईआरव्ही घ्या आणि दोन गोष्टी कोटेशनवर लिहून मागा. एक, कोअर, म्हणजे येणारी आणि जाणारी हवा जिथे शेजारून जाते तो आतला भाग, वाफही अडवणारा हवा. ॲल्युमिनियमचा किंवा साध्या प्लास्टिकचा कोअर फक्त उष्णतेची अदलाबदल करतो, दमटपणा तसाच आत सोडतो. दुसरं, येणाऱ्या हवेला बारीक धूळ अडवणारा, एफ७ किंवा मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर. नुसती जाळी असेल तर नको.

आणि भिंत तपासा. नवीन टॉवर बरेचदा मायवानचे असतात, म्हणजे ॲल्युमिनियमच्या साच्यात ओतलेले, सगळ्या भिंती आरसीसीच्या. तिथे कोअर कटिंग, म्हणजे नळीसाठी भिंतीला गोल भोक, करू देऊ नका.

खारघर_से३५:
आम्ही दोन वर्षांपूर्वी एका खोलीचं बसवलं. भिंतीला हात न लावता खिडकीच्या वरच्या फिक्स काचेच्या जागी पॅनेल टाकून नळ्या काढल्या. तरीही सोसायटीची लेखी परवानगी लागली. पहाटेचा आकडा आता ९०० च्या आसपास असतो. फिल्टर दोन महिन्यांत काळा होतो, तो खर्च धरून चाला. तळोज्याच्या कारखान्यांकडून वास येतो त्या रात्री मात्र यंत्र बंद ठेवतो. धुळीचा फिल्टर वास अडवत नाही, त्याला ॲक्टिव्हेटेड कार्बन लागतो.

नौपाडा_जुनं_घर:
ताई, खर्चाआधी एक करून बघा. बेडरूमचं दार हॉलकडे उघडं ठेवून झोपा. आमचा आकडा त्यानेच निम्म्यावर आला. बाथरूमचा एक्झॉस्ट रात्रभर चालवू नका. मी पावसाळ्यात ती चूक केली. बाहेरची ओली हवा फटींतून ओढली गेली आणि कपाटातल्या साड्यांना बुरशी आली. त्यात आईची पैठणी होती.

कासारवडवली_१४वा_मजला:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल दार उघडं ठेवून मध्ये पडदा लावला. पहाटे १,३०० होता. भिंती मायवानच्याच निघाल्या. सीलिंगवाल्याला डक्ट वगळून कोटेशन द्यायला सांगितलंय. दादा, खिडकीतून हवा आत घ्यायची आणि बाहेर टाकायची नळी, दोन्हींत अंतर किती ठेवू?

डक्टिंग_कळवा:
एक मीटर तरी, खिडकीच्या दोन टोकांना. आत घ्यायच्या नळीचं तोंड बाथरूमच्या खिडकीपासून लांब ठेवा. दोन्ही नळ्यांना बाहेरच्या बाजूला उतार हवा, नाहीतर पहिल्याच पावसात यंत्रात पाणी शिरेल. आणि तोंडाला जाळी लावून घ्या, १४व्या मजल्यावरही कबुतरं येतात.