किनिक स्टेडियममधील एक प्रथा
अमेरिकन विद्यापीठांच्या गावांतील अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यांचे शनिवार म्हणजे निव्वळ दारू, पैसा आणि गोंगाट, असे एक मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. पैशाबाबत वाद नाही, कारण मोठ्या संघांच्या प्रशिक्षकांचे पगार प्राध्यापकांच्या कित्येक पट असतात. मात्र आयोवा राज्यातील आयोवा सिटी या विद्यापीठाच्या गावातील एक प्रथा येथे नोंदवायला हवी. तेथील किनिक स्टेडियमसमोरच विद्यापीठाचे बालरुग्णालय असून त्याच्या वरच्या मजल्यावरून मैदान दिसते, आणि २०१७ पासून सामन्याच्या चार भागांपैकी पहिला भाग (क्वार्टर) संपताच जवळजवळ सत्तर हजारांचे अख्खे स्टेडियम, पाहुण्या संघाच्या खेळाडूंसह, त्या खिडक्यांकडे वळून आजारी मुलांना हात हलवून दाखवते. (त्याच पाहुण्यांची कपडे बदलण्याची खोली मुद्दाम गुलाबी रंगवलेली आहे, हा खोडसाळपणाही तिथलाच.)