ईद झाली आणि फजर (पहाटेची नमाज) सुटली. कुणाला काही उपाय ठाऊक आहे का?

एसटीवाला
सलाम मंडळी. मी चिपळूणकडचा, एसटीत कंडक्टर. यंदा रमजानचे सगळे रोजे झाले, ड्युटी नसेल त्या रात्री तरावीह (रमजानातली रात्रीची नमाज) जमातीत पढलो आणि आयुष्यात पहिल्यांदा अख्खं कुराण खतम केलं. ईदला शीरखुर्मा खाता खाता बायकोला म्हटलं, आता हे असंच चालू ठेवायचं. ती काही बोलली नाही.

आज ईदला बावीस दिवस झाले. कुराण कपाटावर, कापडात गुंडाळलेलं. रमजानच्या सत्ताविसाव्या रात्री मशिदीत पाय ठेवायला जागा नव्हती, परवा फजरला दीड सफ (रांग) भरली होती. तीही मी पाहिली नाही, भावानं सांगितलं.

माझी अडचण मुक्कामाच्या गाडीची. आठवड्यातल्या तीन रात्री खेड्यात गाडीतच झोपतो, सकाळी 5.45 ला गाडी सुटते. रमजानात सहेरीला (रोजाआधीच्या पहाटेच्या जेवणाला) उठायचंच असायचं, डबा खाल्ला, फजर पढली, की ड्युटी सुरू. आता फजरची वेळ पाचच्या आसपास आली. गजर मोठा ठेवला तर पलीकडे झोपलेल्या ड्रायव्हर मामांची झोप मोडते, बारीक ठेवला तर मला ऐकू येत नाही. रमजाननंतरच्या शव्वाल महिन्यातले सहा रोजे धरायचे ठरवले होते, दोन झाले. महिनाभराचे जमले आणि सहा जमत नाहीत, हे काय गौडबंगाल आहे?

कुवेतवरून
वालेकुम सलाम. गौडबंगाल काही नाही भाऊ, रमजानात सगळा मोहल्ला तुझ्यासोबत उपाशी असतो. मे महिन्यात घाटातून गाडी जाताना तू एकटा उपाशी, आणि शेजारी प्रवासी उसाचा रस पितोय. सहा रोजे सलगच हवेत असं नाही, शव्वाल संपेपर्यंत सुट्टीच्या दिवशी एकेक धर.

कुराणाचा हिशेब सांगतो. मदिनाछाप प्रतीत 604 पानं असतात. रमजानात रोज एक पारा (कुराणाचा तिसावा भाग) म्हणजे वीस पानं वाचलीस, म्हणून ईदनंतरही वीसच वाचायला गेलास आणि चार दिवसांत दमलास, बरोबर? माझं तीन वर्षं हेच झालं. आता रोज दोन पानं. 302 दिवसांत खतम, म्हणजे पुढच्या रमजानच्या आधी. हदीसमध्ये आहेच की, अल्लाहला तेच अमल (काम) जास्त पसंत जे कायम चालतं, थोडं का असेना. मी दोन पानं कंपनीच्या बसमध्ये वाचतो. घरी वाचेन म्हटलं की होत नाही, खोलीत सहा जण आणि एकच टीव्ही.

सोलापूरचा हनफी
फजर हुकली तर उठल्या उठल्या कजा पढ, म्हणजे हुकलेली भरून काढ. "आजचा दिवस गेलाच" म्हणून दुपारची जुहरही सोडू नको. मी तेच करायचो.

आपा
भाऊ, राग मानू नका. "सहेरीला उठायचो" लिहिलंत. उठवत कोण होतं? घरी असताना डबा तरी कोण भरत होतं? आमच्या घरात सात माणसं. मी साडेतीनला उठून भाकऱ्या थापायचे. संध्याकाळी भजी तळतानाच मगरीबची अजान. माझं कुराण चौदाव्या पाऱ्यावर अडलं, वर सात रोजे कजा. पुरुषमंडळी ईदनंतर हळहळतात की रमजान गेला. मला तर खरी इबादत ईदनंतरच करायला मिळते. जुहर आणि असरच्या मधे, भांडी झाली की, पंख्याखाली. आता कजाचे रोजे उरकतेय, गुरुवारी गुरुवारी.

तुमच्या बायकोचं कुराण कुठवर आलंय, विचारलंत का?

एसटीवाला
आपा, तुमचं वाचून दोन दिवस काही लिहावंसंच वाटलं नाही. मग विचारलं. सोळावा पारा. मी "हे असंच चालू ठेवायचं" म्हणालो तेव्हा ती गप्प का बसली ते कळलं. आता रात्रीची भांडी मी घासतो, ती तेवढ्यात वाचते. आई पहिल्या दिवशी दोनदा स्वयंपाकघरात डोकावून गेली.

एसटीवाला
बकरी ईद झाली म्हणून कळवतो. सहापैकी चार रोजे झाले, दोन राहिले ते राहिलेच. अरफाचा (बकरी ईदच्या आदल्या दिवसाचा) मात्र धरला. पानं रोज दोन, डेपोत वेबिल (तिकिटांचा हिशेब) जमा केल्यावर बाकावर बसून. मधे नऊ दिवस खाडा. चौथा पारा चालू आहे. बायकोचं खतम झालं, तिनं परत पहिल्यापासून घेतलंय.

आणि गजराचं. शेवटी मामांना सांगून टाकलं की पहाटे उठायचंय, तुमची झोप मोडेल. ते म्हणाले, "अरे, बीपीच्या गोळीनं मी साडेचारपासून जागाच असतो. तुझी झोप मोडू नये म्हणून गप पडून राहायचो." आता तेच हाक मारतात. गेल्या आठवड्यात तीनपैकी दोन फजर झाल्या. तिसऱ्या दिवशी मामाच झोपले होते.