लोड टेस्टिंगसाठी क्लाउडवरील साधन कसे निवडावे?

प्रश्नकर्ता, लातूर: सोयाबीनचे दर दाखवणारे आमचे संकेतस्थळ पोटलीचा भाव (बाजार समितीच्या सौद्यात ठरणारा दर) निघाला की १० मिनिटे अडखळते. कार्यालयातील एकाच संगणकावरून जेमीटर हे लोड टेस्टिंगचे, म्हणजे एकाच वेळी अनेक वापरकर्त्यांचा भार टाकून संकेतस्थळ तपासण्याचे, साधन चालवले, तर आधी तो संगणकच दमतो. क्लाउडवरील साधन घेताना नेमके काय पाहावे?

उत्तर, छत्रपती संभाजीनगर: जेमीटरच्या स्क्रिप्ट (चाचणीच्या लिहिलेल्या सूचना) तयार असतील, तर त्या चालवू शकणारे ब्लेझमीटर किंवा अझूर लोड टेस्टिंग या क्लाउड सेवा आधी पाहाव्यात; के-६ या दुसऱ्या साधनासाठी त्या जावास्क्रिप्ट भाषेत, तर लोकस्ट या साधनासाठी पायथन भाषेत नव्याने लिहाव्या लागतात. भार मात्र मुंबई किंवा पुण्याच्या क्लाउड केंद्रातूनच टाकावा, कारण परदेशातून टाकल्यास अंतराचा विलंब मोजमापात मिसळतो आणि दोष सर्व्हरचा की वाटेचा, हे उमगत नाही.

उत्तर, नांदेड: सरासरीवर विसंबू नका, हे कळकळीने सांगतो. १०० पैकी ९५ विनंत्या किती वेळात पुऱ्या होतात, तो आकडा पाहा. सरासरी १ सेकंद असली, तरी उरलेले ५ शेतकरी आडतीत मोबाइल धरून ताटकळत असू शकतात. खर्च बहुधा आभासी वापरकर्ते (साधनाने उभे केलेले नकली वापरकर्ते) आणि चाचणीचा वेळ यांच्या गुणाकाराने वाढतो, म्हणून स्क्रिप्ट आधी ५० वापरकर्त्यांवर तपासून घ्या.

प्रश्नकर्ता, लातूर: आभारी आहे. स्क्रिप्ट जेमीटरच्याच असल्याने तिथूनच सुरुवात करतो.