स्पीकर ऑन केला की आईचा आवाज समोरच्याला जातच नाही

पेठेतला_पक्या:
मंडळी जरा मदत हवीये. आईकडे अँड्रॉइड फोन आहे, ती गावी असते नि मी पुण्यात. फोन कानाला लावून बोलली की सगळं व्यवस्थित, पण स्पीकर ऑन केला की तिचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो, मधेमधे तर गायबच, आणि तिला मात्र माझं खणखणीत ऐकू जातं. व्हॉट्सॲप व्हिडिओ कॉललाही तेच. ती काही फोन कानाला लावून बसणाऱ्यातली नाही, भाकऱ्या थापता थापता बोलते, त्यामुळे स्पीकरच लागतो. तिथला दुकानदार फोन न उघडताच म्हणाला बोर्ड गेलाय. असा अर्धाच जातो का बोर्ड?

झटपट_झंप्या:
फॅक्टरी रीसेट मार भावा, सगळं सुटतं.

सोल्डरगन:
रीसेट अजिबात मारू नका राव, बॅकअप नसेल तर आईंचे फोटो जातील नि प्रॉब्लेम आहे तिथेच राहील. फोनला माईक एकच नसतो. खाली चार्जिंगच्या पोर्टशेजारी एक आणि वरच्या कडेला किंवा मागे कॅमेऱ्याजवळ टाचणीच्या टोकाएवढं भोक दिसेल तो दुसरा. कानाला लावून बोलताना खालचा आपला आवाज घेतो, वरचा आजूबाजूचा गोंगाट टिपतो म्हणजे फोनला तो वजा करता येतो. स्पीकरवर मात्र बऱ्याच मॉडेलमध्ये वरच्यावरच भिस्त असते, कारण खालचा माईक स्पीकरला अगदी खेटून असतो, समोरच्याला स्वतःचाच आवाज परत ऐकू जाईल.
आता असं करा, आईंना आधी व्हॉइस रेकॉर्डरवर बोलायला सांगा, मग मागच्या कॅमेऱ्याने छोटा व्हिडिओ काढायला सांगा. रेकॉर्डरमधला आवाज स्वच्छ आणि व्हिडिओतला दबका आला तर घोळ वरच्या माईकचाच. रेडमी असेल तर डायलरवर *#*#६४८४#*#* टाकलं की टेस्टचा मेनू उघडतो, त्यात माईक वेगवेगळे तपासता येतात.
आणि हो, त्या भोकात सिमची पिन घालायची नाही, आतली जाळी फाटते. रिपेअरला येणाऱ्या फोनमध्ये हा पराक्रम कायम दिसतो.

चिंचेचं_झाड:
कव्हर काढून बघितलंत का? आमच्या सासऱ्यांचं ते पाकिटासारखं कव्हर आहे, झाकण मागे दुमडलं की थेट माईकवर बसायचं. महिनाभर सगळे नेटवर्कला शिव्या घालत होते 😂

पेठेतला_पक्या:
@चिंचेचं_झाड ताई, शेजारच्या पोराला बसवून आत्ताच सगळं करून घेतलं. रेकॉर्डर एकदम क्लिअर, व्हिडिओ दबका. मग कव्हर काढलं तर मागे ५० ची नोट, एसटीचं जुनं तिकीट आणि गजानन महाराजांचा फोटो, आणि फोटोचा कोपरा बरोब्बर कॅमेऱ्याशेजारच्या भोकावर! काढल्यावर आवाज बराच सुधारला पण थोडी घरघर आहे अजून, भोकात पीठ बसलेलं दिसतंय म्हणे. ते कसं काढायचं? फुंकर मारू का सांगू तिला?

सोल्डरगन:
फुंकर नको, थुंकी आणि वाफ आत जाते, पिठाचा चिखल व्हायचा. नवा मऊ टूथब्रश घ्या, कोरडाच, भोक जमिनीकडे करून हलक्या हाताने फिरवा म्हणजे निघालेलं खाली पडेल. पाणी, सॅनिटायझर काही लावू नका. तरी घरघर राहिली तर मग दुकान, पण दुसरं दुकान. आणि समोर बसून आधी माईक टेस्ट करायला लावा, त्याशिवाय फोन उघडू देऊ नका.

पेठेतला_पक्या:
ओके, रविवारी गावी जातोच आहे. फोटो कुठे ठेवू आता, तो काढलेला तिला चालत नाहीये.

चिंचेचं_झाड:
खाली सरकवा की, कव्हरच्या तळाला. फक्त कॅमेऱ्याची बाजू मोकळी ठेवा.

झटपट_झंप्या:
माझ्या फोनचं उलटंय, कॉल आला की मलाच काही ऐकू येत नाही, रीसेट मारून झालं 😐

सोल्डरगन:
ब्लूटूथ बंद करून बघ. घरातलाच एखादा इअरबड डबीत नीट न बसता कनेक्ट होऊन पडलेला असेल.