मदत हवी आहे: डाग घालवायचेत, पण चेहरा मेणाचा नको

मंडळी, मावसबहिणीचे साखरपुड्याआधीचे फोटो काढलेत, गोदाघाटावर सकाळी साडेसातला, ऊन तिरपं होतं त्यामुळे गालावरचे पिंपल्सचे डाग न खड्डे जरा जास्तच उठून दिसतायत. फोटोशॉपमध्ये फ्रिक्वेन्सी सेपरेशन केलं, म्हणजे रंग-सावल्या खालच्या लेयरवर न त्वचेचा पोत वरच्या लेयरवर वेगळा काढला, खालच्या लेयरला गॉशियन ब्लर ८ पिक्सेल, वरच्याला अप्लाय इमेज, सबट्रॅक्ट, स्केल २ ऑफसेट १२८, मग लिनियर लाइट, इथपर्यंत बरोबर आलं, पण रंग सारखा करायला खालच्या लेयरवर लासोने निवडून ब्लर मारला की गाल एकदम प्लास्टिकचा. मावशी बघून म्हणाली, ही बाहुली कोणाची रे?

फाईल २४ मेगापिक्सेलची, चेहरा फ्रेमच्या जेमतेम पाव भागात, मग ८ जास्त होतंय का? का लासोचा फेदर, म्हणजे निवडीची कड मऊ करणं, कमी पडतोय? हीलिंग ब्रशने वेगळ्या लेयरवर एकेक डाग काढला तर त्वचेची रंध्रं नीट राहतात, पण फोटो ४० आहेत हो! खड्ड्यांच्या सावल्यांना डॉज-बर्नच (ब्रशने थोडं थोडं उजळ-गडद करणं) करावं लागेल असं वाटतंय, कोणी करतं का, ब्रशचा फ्लो, म्हणजे रंग सुटायचा जोर, किती ठेवता?

हनुवटीवरचा तीळ मात्र ठेवायचाय, तिची सक्त ताकीद आहे. नाशिकमधलं कोणी समोर बसून दाखवणार असेल तर मिसळ माझ्याकडून, रस्सा पाहिजे तेवढा.